नव्या प्लांटची गाडी

"नारळ थांबवा!" आप्पांचे साडू ओरडले.

लाल सॅटिनचं कव्हर अर्धं निघालं होतं. वारणानगरचे आप्पा हातभर लांब थर्मोकोलची किल्ली धरून फोटोसाठी उभे होते. मागे सगळं घर. कोल्हापुरातल्या या शोरूमचा मी सेल्स मॅनेजर. असल्या सोहळ्यात खरी किल्ली माझ्या खिशात असते.

"आधी सांगा, गाडी कुठल्या प्लांटची हाय?"

ही सात सीटची एसयूव्ही जुन्या आणि नव्या, अशा दोन कारखान्यांत बनते. जुन्यातलीच चांगली, असं साडूंनी मोबाइलवर पाहिलं होतं. बुकिंगच्या वेळी आप्पांनीही तेच विचारलं होतं, आणि मी न बघता "जुन्याच" म्हणून मोकळा झालो होतो.

आमचे जनरल मॅनेजर माझ्या कानाशी कुजबुजले, "तेच परत सांग."

पण चॅसी नंबर गाडीवर कोरलेला असतो. त्यातलं एक अक्षर कारखान्याचं. मी ते दाखवलं. प्लांट नवा निघाला.

"म्हंजे खोटं बोललासा की!" आप्पा म्हणाले.

"न बघता बोललो, आप्पा. चुकलं."

"मग ऱ्हाऊ द्या गाडी." थर्मोकोलची किल्ली टेबलावर पडली.

तेवढ्यात त्यांची सून पुढे आली. शिरोलीच्या एका फौंड्रीत ती क्वालिटी बघते.

"साहेब, स्टेअरिंग पूर्ण डावीकडं फिरवा."

पैठणीचा पदर खोचून ती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि टॉर्च लावला. चाकामागे बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक भाग असतो. त्यावर ओतणाऱ्याची खूण उठलेली असते.

"आप्पा, आमचाच मार्क हाय. दोन्ही प्लांटला हाच पार्ट जातो."

"त्यो चांगला कशावरनं?" साडू.

"आमी पास केल्याबिगर गेटाभाईर जात न्हाय, काका."

"आन् तुमचंच चुकलं तर?"

"तसं वाटलं असतं तर आप्पांना बसू दिलं असतं व्हय ह्यात?"

आप्पांनी किल्ली उचलली. "फोडा नारळ!"

एका पार्टवरून अख्खा प्लांट चांगला ठरत नाही, हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. खरं बोलण्याचा त्या दिवसाचा माझा कोटा संपला होता.

हल्ली आप्पा वारणानगरात सांगतात, गाडी शिरोलीत बनते. मला कुणी प्लांट विचारला, तर गाडी आल्यावर नंबर बघून सांगतो म्हणतो. आणि घरात कोण फौंड्रीत आहे का, तेही विचारून ठेवतो.