आनंदरावांचा कॉम्प्युटर रिटायर होत नाही

आनंदराव मेश्राम यांनी छत्तीस वर्षं एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत काढली. कोणाची रजा कोणत्या नियमाखाली अडवता येते आणि कोणाची बदली कोणत्या पोटनियमाखाली लांबवता येते, हे त्यांना झोपेतही पाठ. मग अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर त्याच कचेरीनं त्यांनाच हार घातला, नारळ दिला आणि जरीपटका वस्तीतल्या घरी पाठवून दिलं. माणूस धडधाकट, जिने चढताना दम लागत नाही, स्मरणशक्ती तर अशी की लोकांना नकोशी व्हावी. पण नियम म्हणजे नियम! हे वाक्य त्यांनीच जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलेलं, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडानं करणार?

त्याच वर्षी मुलीनं, मेघानं, दुसरा घाव घातला. पाटबंधारे खात्यात लागलेली पक्की नोकरी तिनं सोडली. अर्ज बापानं भरला होता, कागदपत्रं बापानं जोडली होती, आणि ही बया सॉफ्टवेअरच्या कामाला नेदरलँड्सला निघाली. विमानतळावर आनंदरावांनी निरोपाचं भाषण केलं, एकाच वाक्याचं. "चालली तं चालली, पण मले फोन करू नको." मेघा शेवटी त्यांचीच लेक. तिनं या आदेशाची अंमलबजावणी अशी चोख केली की त्यांच्या कचेरीतल्या एकाही बाबूला ती जमली नसती. आईला रोज फोन, बापाला एकही नाही.

मागे राहिला तो तिचा कॉम्प्युटर. कॉलेजात असताना एकेक भाग आणून तिनं स्वतः जोडलेला. आनंदराव रोज त्याच्यावरची धूळ पुसायचे आणि बायकोनं, कौसल्याबाईंनी, पाहिलं की फडकं लपवायचे. एक दिवस त्यांनी तो चालू केला, आणि त्यात त्यांना स्टीम नावाचं खेळांचं दुकान सापडलं. दुकान तरी कसं? खेळ विकत घ्या, हातात काही पडत नाही, ना डबी ना तबकडी. वर बारीक अक्षरात लिहिलेलं, की खेळ तुमचा नव्हे, खेळायची परवानगी तेवढी तुमची. या अटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा जगातला बहुधा हा एकटाच ग्राहक. "म्हणजे आपण भाडेकरूच!" ते कडाडले. पण सेल लागला, की हाच भाडेकरू उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरावेत तसे खेळ भरायचा. तीनशे बारा खेळ जमले. उघडून पाहिले किती? नऊ.

त्या दुकानात मित्रांची यादीही असते. कोण हजर आहे, कोण काय खेळतंय, सगळं दिसतं. आनंदरावांनी मेघाचं नाव शोधून तिला रीतसर विनंती पाठवली आणि स्वतःचं नाव लिहिलं, 'आनंदराव मेश्राम, निवृत्त'. अकरा दिवसांनी ती मंजूर झाली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोन वाजता बापलेक एका गोळीबाराच्या खेळात एकाच बाजूनं लढायला लागले. फोनवर बोलायची बंदी होती, खेळात बोलायची कुठे होती? कानाला हेडफोन लावून आनंदराव ओरडायचे, "मेघा, मांगून आला तो, पाय!" ती म्हणायची, "पाहिला बाबा, तुम्ही भिंतीमांगं लपा." त्या लपण्याच्या वेळात तिची सर्दी, तिथली थंडी, आईचा गुडघा, सगळं बोलून व्हायचं. दोन वर्षं हे असंच चाललं. आठवड्यातले बाकीचे सहा दिवस माणूस नुसता त्या एका तासाची वाट पाहायचा, आणि कौसल्याबाईंनी विचारलं तर म्हणायचा, "कायची वाट? टाइमपास करून राहिलो."

मग आला ऑक्टोबर. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सूचना झळकली, की जुन्या विंडोजचा सांभाळ आता बंद, आणि नवी विंडोज तुमच्या या यंत्रावर चालणार नाही. आनंदरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चालून राहिला ना चांगला? अडकत नाही, गरम होत नाही. मंग काहून रिटायर करून राहिले त्याले?"

"कोणाचं बोलून राहिले तुम्ही?" कौसल्याबाईंनी कणीक मळता मळता विचारलं. "कॉम्प्युटरचं का स्वतःचं?"

आनंदरावांनी पडद्यावरची सूचना पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. आणि तो मेघाच्या हातचा कॉम्प्युटर आहे, म्हणून भंगारात द्यायला जीव होत नाही, हे तर ते कोणी उलटं टांगलं असतं तरी बोलले नसते. आठ दिवस त्यांनी व्हिडिओ पाहिले, दोनशे पानी वही भरली, विंडोज पुसून टाकलं आणि त्याच्या जागी लिनक्स नावाची फुकट मिळणारी यंत्रणा बसवली. आता खरं सांगायचं तर लिनक्स चाललंही झकास. विंडोजसाठी बनलेले खेळ लिनक्सला समजावून सांगणारा प्रोटॉन नावाचा एक दुभाष्या त्यात असतो. आनंदरावांनी अक्षरानुक्रमे एकेक खेळ उघडून वहीत बरोबरच्या खुणा केल्या. कधी न खेळलेले खेळसुद्धा तपासले, काय ती शिस्त!

झालं, माणूस प्रचारक झाला. सकाळी बगिच्यात फिरताना त्यांनी भैयाजींना धरलं. भैयाजी म्हणजे इतवारी बाजारातले धान्याचे व्यापारी, तब्येतीसाठी फिरायला यायचे आणि आनंदरावांचं ऐकून तब्येत बिघडवून घरी जायचे.

"भैयाजी, हातात धरून खेळाची मशीन निघाली ना, तिच्या पोटात काय आहे माहीत आहे? लिनक्स! येणारा जमाना लिनक्सचाच आहे. मी तं आता मेलो तरी विंडोज लावत नाही."

"ते ठीक आहे गा, पण तुमचा तो पोरीसंगचा खेळ चालते का त्याच्यावर?"

"न चालाले काय झालं?"

आता बोला! तीनशे अकरा खेळ तपासले, आणि राहिला नेमका हाच. काहून? तर हा खेळ रविवारचा, मधल्या वारी त्याला हात लावायचा नाही, हा आनंदरावांचाच नियम.

रविवारी दोन वाजता नियमाचं फळ मिळालं. त्या खेळात लबाडी करणारे खेळाडू पकडायला एक पहारेकरी प्रोग्राम बसवलेला असतो. त्याला लिनक्स दिसलं आणि त्यानं दार उघडलंच नाही. आयुष्यात कचेरीचा टाचणीचा डबासुद्धा घरी न नेलेला माणूस, आणि त्याला संशयित म्हणून बाहेर उभं केलं! तेवढ्यात मेघाचा निरोप पडद्यावर आला, "बाबा, या ना." आता 'माझ्याकडे चालत नाही' असं लिहिलं तर लिनक्स हरतं, भैयाजी जिंकतात. आनंदरावांनी टाइप केलं, "कामात आहे." मग खेळाच्या कंपनीला 'विषय' आणि 'संदर्भ' घालून दोन पानी अर्ज पाठवला, आणि उत्तर येईपर्यंत जीव रमवायला ट्रक चालवायच्या खेळात शिरले.

पुढच्या रविवारी पुन्हा "या ना", पुन्हा "कामात आहे", पुन्हा ट्रक. तिसऱ्या रविवारीही तेच. कंपनी काही जरीपटक्याच्या अर्जासाठी ताटकळत बसलेली नव्हती. आणि या शहाण्याच्या डोक्यात एकदाही आलं नाही, की यादीत सगळं दिसतं. तिकडे मेघाच्या पडद्यावर तीन रविवार ठळक अक्षरांत लिहून येत होतं, की आनंदराव मेश्राम, निवृत्त, ट्रक चालवत आहेत.

तिसऱ्या रविवारी तिचं शेवटचं वाक्य आलं. "समजलं बाबा. चालवा ट्रक." दुसऱ्या मिनिटाला यादीतून तिचं नाव गेलं.

आनंदरावांनी यादी बंद करून उघडली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नाव नाही. यादीत दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे ती आता कोरी दिसत होती.

"कौसल्या," ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "पोरगी गेली वं."

कौसल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि स्वतःचा मोबाइल पुढे केला. "लावा फोन."

"पण माहा शब्द..."

"चुलीत घाला तो शब्द!"

मेघानं आईचा नंबर पाहून फोन उचलला, तर पलीकडून बाप लिनक्स समजावत होता. बारा मिनिटं. जुनं विंडोज, नवं विंडोज, दुभाष्या, पहारेकरी, कंपनीला पाठवलेला अर्ज, सगळं क्रमानं. मधे एकदाही 'माफ कर' नाही, पण आवाज मात्र सारखा फाटत होता. मेघानं सगळं ऐकलं.

"म्हणजे खेळ चालत नव्हता, एवढंच ना बाबा? मी तीन रविवार रडून राहिली. पहिल्याच दिवशी फोन काहून नाही केला?"

"अवं, फोनची बंदी होती ना."



"बंदी मले होती बाबा," मेघा म्हणाली. "तुम्हाले कोणी घातली होती? दोन वर्षं झाले, मी रोज वाट पाहून राहिली."

आनंदरावांनी छत्तीस वर्षांचे सगळे नियम, पोटनियम, परिपत्रकं डोक्यात उलटीपालटी करून पाहिली. बापानं फोन करू नये, असं कलम एकातही नव्हतं.

"मले सुचलंच नाही वं पोरी," ते म्हणाले, आणि जरीपटक्यातल्या त्या स्वयंपाकघरात, बायकोसमोर, हमसून हमसून रडायला लागले.