राखणीची सोलकढी

बायको बाळंतपणाला गुहागरला माहेरी गेली, तेव्हा मी आणि पाच वर्षांची सुमी रत्नागिरीत स्टँडमागच्या एका खानावळीत जेवू लागलो. तिथले मालक गिऱ्हाइकांवर सदा खेकसायचे. कोणी भाताआधी सोलकढी मागितली, की म्हणायचे, "ती शेवटी मिळते. घाई असेल तर घरी जेवा."

सुमीचे नियम त्यांच्याहून कडक. भात कोराच हवा, त्याला कशाचा स्पर्श नको, आणि पाणी फक्त तिच्या निळ्या पेल्यातून. बाकी काही तोंडात जाईना. विनवण्या करून मी थकलो होतो. पोरगी वाळत चालली होती.

मालकांनी मात्र कधी आग्रह केला नाही. ते तिला कोरा भात वाढायचे आणि जरा लांब सोलकढीची वाटी ठेवायचे. "ही माझी हां, गो बाय. नीट राखण कर." गर्दी ओसरली की स्वतः येऊन प्यायचे. दिवसागणिक वाटी थोडी जवळ सरकायची.

एका दुपारी सुमीने तीत बोट बुडवून चाटलं. मग वाटीच तोंडाला लावली. आसपासची माणसं टकामका बघू लागली, तशी गल्ल्यावरून आरोळी आली, "आपापल्या ताटात बघा!" आणि मालक स्वतः पाठ फिरवून ट्रान्झिस्टरचे कान पिळत बसले.

थोड्या वेळाने येऊन त्यांनी रिकामी वाटी उलटी करून पाहिली. "माझी कढी कोण प्यायलं?"

ओठांवर गुलाबी मिशी घेऊन सुमीने माझ्याकडे बोट दाखवलं.

मालकांनी भर खानावळीत माझी खरडपट्टी काढली. इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी बोलणी खाल्ली नाहीत.