हॉट प्रेसमधला दोर

सँट्रीतला फ्लॅट सोडून आम्ही स्लायगोजवळच्या डोंगरावर भाड्याने घर घेतलं, ते २०२० च्या उन्हाळ्यात. ऑफिस घरातच आलंय, मग शहरात कोंडून कशाला राहायचं, असं नवऱ्याचं म्हणणं. माझंही तेच होतं, पण आता त्याच्या नावावर टाकलेलं बरं. घराकडे येणारा रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना काळ्या पाण्याच्या चरी. त्या रस्त्याचं निमित्त करून त्याने चारही चाकांना जोर असलेली एक जुनी पिकअप घेतली. इथे असल्या कुठल्याही गाडीला जीपच म्हणतात, म्हणून आम्हीही जीपच म्हणायला लागलो.

जीप आली आणि मागोमाग तिचा संसार आला. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या नारिंगी फळ्या, घडीचं फावडं, तळहाताएवढ्या लोखंडी कड्या आणि एक जाड काळा नायलॉनचा दोर. ताण पडला की हा दोर थोडा लांबतो आणि मग हिसका देऊन रुतलेली गाडी बाहेर काढतो. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. लॉकडाऊनमुळे पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला तेव्हा बंदी होती. म्हणून वरच्या आयरिश शेतकऱ्याला विचारून नवरा त्याच्या दलदलीच्या वाटेवर जायचा. तिथे मुद्दाम चिखलात गाडी रुतवायची आणि शेतकऱ्याच्या जीपला दोर बांधून ती बाहेर ओढून घ्यायची. धडधाकट माणसाने आपल्या पायांनी खड्ड्यात जायचं आणि निघाल्यावर टाळ्या वाजवायच्या, याला छंद म्हणतात हे मला नवीन होतं.

टाळ्या वाजवणारा माणूस त्याला घरातच मिळाला, माझे बाबा. आम्ही सँट्रीत असतानाच, फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. आई गेल्यापासून तासगावात एकटेच होते, त्यामुळे अडकल्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. तिथे त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि सगळा जन्म त्यात गेला होता. गाड्यांमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण चिखलाने माखलेला दोर नवऱ्याने तसाच गुंडाळून गाडीत टाकलेला त्यांनी पाहिला आणि त्यांचा जीव खालीवर झाला.

"ओलं गुंडाळून ठिवायचं न्हाई, जावईबापू. बुरशी धरती. मग त्या मालाला कोन इचारतंय?"

त्या दिवसापासून दोर त्यांच्या ताब्यात गेला. टबात कोमट पाण्याने धुवायचा, पिळायचा आणि हॉट प्रेसमध्ये वाळत ठेवायचा. गरम पाण्याच्या टाकीभोवती जे कपाट असतं त्याला इथे हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल-चादरी ठेवतात, आम्ही दोर ठेवायचो. आमच्या टॉवेलांना दलदलीचा वास यायला लागला. मी करवादले की बाबा म्हणायचे, "वाळला की काढतो गं." वाळल्यावर ते त्याची कापडाच्या ठाणासारखी घडी घालायचे, जुन्या पायजम्याच्या नाडीने बांधायचे आणि स्वतः नेऊन जीपमध्ये ठेवायचे. दोराची घडी घालणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

खंडेनवमीला ते दुकानात कात्री आणि मीटरपट्टी पुजायचे. इथे त्यांनी कॉफीच्या टेबलावर नवं फडकं अंथरून फळ्या, फावडं, कड्या आणि दोर मांडला, हळदकुंकू वाहिलं. झेंडू कुठून आणणार? कुंपणावरच्या काटेरी झुडपाची पिवळी फुलं बोटं टोचून घेत तोडून आणली. शेतकरी दारात अंतर ठेवून उभा राहून बघत होता. त्याने "ग्रँड" म्हटलं, म्हणजे इथल्या बोलीत झकास, आणि तेव्हापासून बाबा सगळ्याला ग्रँड म्हणायला लागले. चहा ग्रँड, पिठलं ग्रँड, गुडघा दुखतोय पण ग्रँड. आई गेल्यानंतर त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं. या घराचा आणि त्या जीपचा मला मनापासून आनंद झाला असेल तर तो तेव्हा.

जानेवारीत थंडी पडली. बर्फ फार नव्हता, पण दिवसा वितळायचा आणि पुन्हा गोठायचा. रस्त्यावर पाय ठरत नव्हता. तरी एका दुपारी जरा ऊन पडलं म्हणून दोघं दलदलीत खेळून आले. माझं बोलणं त्यांनी या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं. दोर टबात गेला आणि तिथून हॉट प्रेसमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता बाबांनी कप खाली ठेवला आणि छातीवर हात दाबला. "गॅस झालाय जरा," म्हणाले. त्यांचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता आणि कपाळावर घाम. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की तुमच्या वरच्या रस्त्यावर बर्फ वितळवायचं मीठ टाकलेलं नाही, गाडी चढणार नाही. चर्चच्या वळणापर्यंत तुम्ही त्यांना खाली आणू शकाल का?

नवरा तोवर बुटांच्या नाड्या बांधत होता. याच दिवसासाठी तर सगळं घेतलं होतं, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. माझ्याही मनात तेच आलं. पहिल्यांदाच त्या फळ्यांचा आणि दोराचा मला आधार वाटला.

बाबा पुढे बसले, मी मागून त्यांचे खांदे धरले. दुसऱ्या वळणावर सावली होती. तिथे जीपने काहीही आवाज न करता पाठ फिरवली आणि मागचं चाक चरीत उतरलं. रस्ता आडवा अडला. नवऱ्याने उतरून फळ्या घातल्या. चाक गरगरलं आणि फळी मागे फेकली गेली. पुन्हा घातल्या, पुन्हा तेच. फावडं मारलं तर गोठलेल्या मातीत जाईना. एवढ्यात वरून शेतकऱ्याची जीप हळूहळू उतरत आली आणि आमच्या मागे थांबली. त्याला पुढे जायला जागा नव्हती, पण आम्हाला वर ओढता येणार होतं. आदल्याच दुपारी त्यांनी तेच केलं होतं. तो काच खाली करून ओरडला, "दोर काढ!"

मला हायसं वाटलं. नवरा मागे गेला, झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला. मागच्या काचेतून मला त्याचा चेहरा दिसला. मग मला टॉवेल आठवले, टॉवेलांवर ठेवलेला दोर आठवला.

बाबांना मान वळवता येत नव्हती. समोर बघतच त्यांनी विचारलं, "जावईबापू, दोर हाय न्हवं?"

तो खिडकीशी आला. "आहे बाबा. बांधतोय."

"हां," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले.

मग तो शेतकऱ्याच्या जीपमध्ये बसला आणि ती उलटी वर निघाली, आमच्या घराकडे. त्या रस्त्यावर सरळ चालवणं अवघड होतं, ते उलटे गेले. कलंडलेल्या जीपमध्ये आम्ही दोघंच राहिलो. बाबांचा श्वास मोजून घेतल्यासारखा येत होता. मध्येच म्हणाले, "लई येळ लावला." मी म्हटलं, "बांधतायत ना नीट, सुटू नये म्हणून." त्यांनी माझा हात थोपटला. आयुष्यात इतकी असहाय मी कधी झाले नाही, आणि तो रिकामा रस्ता बघून देवाला शिव्या घातल्या.

दोर आला. एका हिसक्यात जीप बाहेर निघाली. दोराने त्याचं काम अगदी चोख केलं. चर्चच्या वळणावर ॲम्ब्युलन्सवाले उभे होते, त्यांनी बाबांना आत घेतलं. आम्हाला नाही घेतलं. हॉस्पिटलातही दाराच्या आत जाऊ देत नव्हते, तो महिनाच तसा होता. आम्ही पार्किंगमध्ये जीपमध्ये बसून राहिलो. नवरा कॉफी आणतो म्हणून उतरला, तेवढ्यात आतल्या नर्सने व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, कसं वाटतंय?"

"ग्रँड हाय." नळ्यांमधून त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "जवळ कोन हाय? जावईबापू हायेत?"

"नाही, मी एकटीच आहे."

"बरं. ऐक. दोर कपाटात व्हता. मीच ठिवलावता. इचारून बसलो आन् मग ध्यानात आलं." थोडा दम खाल्ला. "तरी ते हाय म्हनले. मानूस कधी खोटं बोलत न्हाई गं तो. तवाच कळलं, आता आपलं काय खरं न्हाई."

नवरा येतोय का, हे मी काचेतून पाहिलं.

"त्यांना सांगू नगं. चांगल्या मनानं बोललेत. आन् माझ्याच हातनं झालं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. नवऱ्याने डॉक्टरला एकच विचारलं, थोडं आधी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाला, सांगता येत नाही. हो म्हणाला असता किंवा नाही म्हणाला असता तरी चाललं असतं. अंत्यविधीला दहा माणसांची मुभा होती, आम्ही दोघंच होतो. शेतकरी तेवढ्या लांबच्या दाहिनीपर्यंत येऊन बाहेर गाडीत बसून होता. टोपी मांडीवर घेतली होती त्याने.

आता दोर कुणी धूत नाही. तो चिखलासकट, ओलाच जीपमध्ये असतो, आणि त्याला बुरशी धरली आहे. दलदलीच्या वाटेवर नवरा पुन्हा गेला नाही. पण जीप विकत नाही आणि मी म्हणतही नाही.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. मी काही बोलले नव्हते, तरी सकाळी उठून पाहते तर कॉफीच्या टेबलावर फडकं अंथरलेलं, फळ्या, फावडं आणि कड्या मांडलेल्या. दोर त्याने जीपमधून आणून टेबलावर ठेवला होता. घडी त्याला नीट जमली नव्हती, नाडी मात्र बाबांचीच होती. त्याच्या बोटांना काटे टोचलेले दिसत होते. मी कुंकवाची डबी उघडली.

"एक बरं झालं," तो दोराकडे बघत म्हणाला. तो हे अधूनमधून म्हणतो, त्यावरच तो तगून आहे. "दोर नव्हता हे बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही."

मी दोराला कुंकू लावलं. बुरशीवर ते नीट बसेना.

"हो ना," मी म्हटलं, "नाही कळलं."