दशक्रियेला नेलेली गाडी

चौकाचौकांतल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सना मी वर्षानुवर्षं हसत आलो. स्वतःचाच एवढा मोठा फोटो लावणाऱ्या माणसाला नेमकं काय कमी पडत असेल, असं मी चारचौघांत विचारायचो. मग पन्नाशी ओलांडल्यावर मी एक भलीमोठी क्रूझर मोटरसायकल घेतली, आणि इंदिरानगर ते ऑफिस एवढ्या प्रवासात मला तिची ताकद कमी पडू लागली.

सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये तिचं इंजिन उघडलं. मोठा सिलिंडर, मोठा पिस्टन, नवा कॅमशाफ्ट, आणि जुन्या सायलेन्सरच्या जागी आतून जवळजवळ पोकळ असलेला नवा. मिस्त्री भाषणबाज होता. म्हणाला, "सर, आजवर ही नाक दाबून चालत होती. आता छातीभर श्वास घेईल. समोरचा आपोआप बाजूला होईल." मला ते पटलं, यातच सगळं आलं.

गाडी घरी आली त्याच आठवड्यात सायखेड्याला बायकोच्या मामांची दशक्रिया होती. बायको आदल्या दिवशीच बहिणीबरोबर पुढे गेली. जाताना म्हणाली, "तुम्ही कार घेऊन या. तिथं ते धूड नको." घाटावर कार लावायला जागा मिळत नाही, असं मी उत्तर दिलं. खरं कारण सायखेड्याचा मोकळा रस्ता हे होतं.

त्या रस्त्यावर मी फार खूश होतो. दुःखाच्या कार्याला निघालोय हे दोनदा विसरलो.

गोदाकाठी पोचलो तेव्हा पिंड ठेवून झाला होता. मंडपात पुढारी श्रद्धांजलीची भाषणं करत होते. मामांची ओळख नसलेलेच जास्त बोलत होते. लाउडस्पीकरची तिथल्या कावळ्यांना सवय असावी, कारण एक कावळा उतरून पिंडापासून हातभर अंतरावर आला होता. सगळे श्वास रोखून बघत होते. हे मला नंतर कळलं. मी उतारावर होतो आणि थ्रॉटल सोडला. नव्या सायलेन्सरची खोड अशी, की थ्रॉटल सोडला की तो फटाके फोडतो. तीन आवाज झाले. कावळा उडाला, चिंचेवरचे बाकीचेही उडाले आणि सगळे नदीपलीकडे गेले.

सगळ्यांनी वळून बघितलं. दुसरा कोणी असता तर शिव्या खाल्ल्या असत्या. मी जावई. एकानं उठून माझ्या गाडीसाठी सावलीत जागा केली. कुणीतरी मला बसायला सतरंजी सरकवली.

मग वाट बघणं सुरू झालं. मामांच्या थोरल्या मुलानं पिंडापुढे हात जोडून वडिलांना सांगितलं, "दादा, आईला अंतर देणार नाय." कावळा नाही. धाकट्यानं सांगितलं, "वावराची वाटणी करणार नाय." तरी नाही. बायका कुजबुजू लागल्या, काहीतरी मागं राहिलंय.

मामी पिंडाकडे बघत हळूच म्हणाली, "मला ठावं हाय काय राहिलंय. जिलबी मागत होते. शुगर हाय म्हणून मी दिली नाय. शेवटच्या दिवशीबी नाय दिली."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "मामी, असं काही नाही. कावळा खाली आला होता. माझ्या गाडीच्या आवाजानं उडाला."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "जावईबापू, तुम्ही लय चांगले. माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून आपल्यावर घेता."

बायको शेजारीच होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला खरं वाटलं नाही. मला वाटलं."

मामीनं जिलबी आणायला बाजारात माणूस पाठवला. तोवर माझा मेहुणा गाडीभोवती फिरत आला. "दाजी, काय काय बदललं? जरा चालू करून दाखवा की." इतके दिवस मी नेमक्या याच प्रश्नाची वाट बघत होतो. गाडी न्यूट्रलला टाकली आणि ढकलत उतार चढायला लागलो. ताकद वाढवलेली गाडी बंद असताना आधीइतकीच जड असते. वरून येणाऱ्या एकानं विचारलं, "पेट्रोल संपलं का, पाव्हणं?" मी हो म्हटलं.

वर रस्त्याला धापा टाकत उभा होतो तेव्हा खालून गलका ऐकू आला. जिलबी ठेवली होती आणि कावळा शिवला होता. घाटावर परत आलो तर मामी पदरात तोंड घालून रडत होती. "बघा, मी म्हटलं नव्हतं? उपाशी ठेवलं मी त्यांना."

आता तिला कोण पटवणार? कावळ्यानंच साक्ष दिली होती.

मामी दर अमावास्येला छपरावर जिलबी ठेवते, असं बायको सांगते. सांगताना तिचा आवाज अगदी साधा असतो. मी जुना सायलेन्सर परत बसवून घेतला आहे. पिस्टन मात्र मोठाच आहे.