शहाळ्याचं पाणी

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला कोणी हात हलवत येत नाही, शहाळं घेऊन येतो. माझा धाकटा भाऊ दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर बोटीवरची नोकरी सोडून रत्नागिरीला परतला, तेव्हा मागल्या दारी शहाळ्यांची रास लागली. किडनी जाणार होती माझी, पण माझ्यासाठी कोणी लिंबूसुद्धा आणलं नाही. धडधाकट माणसाला कोण विचारतं!

मुंबईच्या डॉक्टरांनी माझी किडनी जुळते म्हणून सांगितलं आणि मग भावाकडे बघून मान हलवली. एवढ्या लठ्ठ अंगावर ऑपरेशन केलं तर जखम भरायला त्रास होतो, नवी किडनीही धोक्यात येते. वजन नव्वदच्या खाली आणा, मग या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमची साखर काठावर आहे. आज तुमची किडनी चालेल. वर्षभरानं चालेल का, सांगता येणार नाही." म्हणजे त्याचं वजन उतरायच्या आत माझी साखर चढली, तर सगळंच मुसळ केरात. त्याला देणारं दुसरं कोणी नव्हतं. लग्न बोटीवरच्या नोकरीत राहून गेलेलं, आणि आई सत्तरीच्या पुढची.

मी नवऱ्याला चिपळूणला डबा लावून दिला आणि माहेरी येऊन ठाण मांडलं. पापड, लोणचं, सुकी मासळी, आंबा, सगळं बंद. भाज्या उकडून त्यांचं पाणी फेकायचं, कारण त्यातलं पोटॅशियम बिघडलेली किडनी बाहेर टाकू शकत नाही आणि ते जाऊन हृदयाला धरतं. शहाळ्यात तर ते ठासून भरलेलं. हे सगळं मी आईला पहिल्याच दिवशी समजावलं. ती "बरं" म्हणाली. आईचं "बरं" म्हणजे "बोल तू, मी ऐकत्ये." त्याचा करण्याशी संबंध नसतो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. तिथल्या काट्यावर माणसाची दोन वजनं होतात. जाताना अंगात साठलेल्या पाण्यासकट, आणि येताना ते पाणी काढून. ऑपरेशनसाठी धरायचं ते दुसरं. हे दुसरं वजन आधी जागचं हलेना, आणि मग भराभर उतरायला लागलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचे दंड सुकत चालले होते, मांडवीच्या जेटीपर्यंत चालताना तो दोनदा कठड्याला टेकायचा. ताटात मोजून वाढलेलं अर्धं तसंच राहायचं.

"अंडं खा ते," मी ओरडायची. "मांस झडायला नकोय, चरबी झडायला हव्ये."

"काटा उतरतोय ना? मग? तुलाच घाई झाल्ये ना गो ताई!"

घाई मलाच होती, हे खरं. मी दात-ओठ खाऊन ताट उचलायची.

एका सोमवारी सकाळी डायलिसिसला निघताना तो ओटीच्या पायरीवर बसला तो उठेना. पाय उचलत नाहीत म्हणाला. मला वाटलं नखरे करतोय. दोन शब्द सुनावलेही. मग त्याचा चेहरा बघितला आणि रिक्षावाल्याला हाक मारली. रिक्षावाला आणि मी त्याला दोन्ही बाजूंनी धरून आत बसवलं. ज्या वजनाच्या नावानं मी बोटं मोडत होते ते सगळं तेव्हा माझ्या खांद्यावर होतं, आणि मनात एकच, की हे असंच राहू दे, पण राहू दे.

हॉस्पिटलात त्याच्या छातीला वायरी लावल्या. पडद्यावरच्या रेघा मला वाचता येत नाहीत, पण डॉक्टरांचा चेहरा वाचता आला. "दोन दिवसांत काय खाल्लंय यांनी?" मी मोजून केलेला स्वयंपाक सांगितला. "प्यायले काय?" भाऊ छताकडे बघत राहिला. मी घरी फोन लावला.

"आई, त्याला काय दिलंस?"

आई म्हणाली, "तू बाजारात गेलीस की शहाळं फोडून द्यायची. वजन वाढेल म्हणून पोर जेवत नव्हतं, बघवत नव्हतं गो. पाणीच तर आहे. शहाळ्यानं कधी कोण जाडा झालाय?"

मी फोनवरच किंचाळले. काय ते आठवत नाही, आठवायचंही नाही. तोवर डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि मशीन सुरू केलं. मी त्याच्या पायाशी उभी राहून त्या रेघांकडे बघत राहिले. देवाला मी काही मागितलं नाही. रागच इतका होता.

दुपार कलताना त्यानं पायाचा अंगठा हलवला. "ताई, ओरडू नको," म्हणाला. ओरडायचं त्राण कोणात होतं! डॉक्टरांनी मात्र ते काम केलं. उपाशी राहून उतरवलेलं वजन कामाचं नाही, असल्या मांस झडलेल्या अंगाला ऑपरेशन सोसत नाही, जेवून आणि चालून उतरवा, वेळ लागला तरी चालेल. वेळ! माझी साखर काय थांबून राहणार होती?

दोन दिवसांनी तो घरी आला. संध्याकाळी शेजारीण शहाळं घेऊन आली, तेव्हा आई लगबगीनं अंगणाच्या बेड्याशी गेली आणि वाट अडवून उभी राहिली. "परत ने. आमच्याकडे हे चालत नाही." दारात आलेल्याला चहाशिवाय न सोडणारी बाई! शेजारीण पुढे महिनाभर आमच्याकडे फिरकली नाही. आईनं त्याची फिकीर केली नाही. भावाचं अंडं संपेस्तोवर ती ताटासमोरून उठत नसे, आणि मी भात दुसऱ्यांदा घेतला की माझ्याकडेही डोळे वटारून बघे.

वजन सावकाश उतरलं, आणि माझी साखर काठावरच राहिली.

ऑपरेशननंतरच्या चौथ्या दिवशी मी मुंबईच्या वॉर्डात कुशीवर पडले होते. टाके ओढत होते. भावाची नवी किडनी काम करायला लागली होती. तो काचेपलीकडच्या खोलीत, आणि सगळ्यांचे पाय तिकडेच वळत होते. दारात आई दिसली. पदरानं कपाळ पुसत, दोन्ही हातांत शहाळं धरून. मी दचकून उठायला गेले आणि कळवळले. पण ती काचेकडे गेली नाही. माझ्या खाटेशी येऊन उभी राहिली.

"सिस्टर," तिनं विचारलं, "ही माझी मुलगी. हिला चालतं ना हो?"

"चालेल की आजी. द्या."

आईनं स्ट्रॉ माझ्या ओठांशी आणली. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तशी ती थांबली, स्ट्रॉ मागे घेतली आणि सिस्टरकडे वळली.

"नक्की ना हो? परत एकदा बघून सांगा."