खिडकीतलं खोकं

भोकरदनच्या आमच्या वस्तीत संपत मास्तरांइतका सरळ माणूस नव्हता आणि त्यांच्याइतका गोंधळणाराही नव्हता. शाळेत ते भूगोल शिकवायचे. पण शहात्तर साली औरंगाबादहून स्पीकरच्या दोन खोक्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणला, तेव्हा स्वतःच्या घरात त्यांना दिशा सापडेना.

प्लेअर आणला तो बायकोसाठी. कौसल्यावहिनींचा भाऊ भिवा गायनपार्टीत ढोलकी वाजवायचा. पार्टीची तबकडी निघाली, पण ती हाती यायच्या आधीच भिवा काविळीनं गेला. वहिनींना त्याचा हात एकदा ऐकायचा होता. त्याखेरीज त्यांनी मास्तरांकडे कधी काही मागितलं नाही.

आता खोकी ठेवायची कुठं? चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्याकडे एक कर्णा वस्तीकडे आणि एक गावाकडे तोंड करून बांधतात. मास्तरांना तेवढंच ठाऊक. शिवाय दार लावून एकट्यानं गाणं ऐकणं त्यांना चोरून खाल्ल्यासारखं वाटायचं. म्हणून एक खोकं घरात ट्रंकेवर, वहिनींपुढं. दुसरं खिडकीत, बाहेर तोंड करून. अंगणात आम्ही सगळे जमलो.

तबकडी फिरली. आत गाणाऱ्याचा आवाज खणखणीत आला, पण ढोलकी नाहीच. वहिनींचा चेहरा उतरला. "कापून टाकलं का हो त्याला?"

मास्तर घाबरले. त्यांनी सुई पुसली, ट्रंकेवरचं खोकं कणगीवर ठेवलं, कणगीवरून बाजेवर आणलं. ढोलकी येईना. त्यात अंगणातून म्हातारी गोजरबाई ओरडली, "ओ मास्तर, नुसती ढोलकीच वाजून राह्यली! गाणारा झोपला का?"

"म्हातारीला कमी ऐकू येतं," मास्तर म्हणाले आणि पुन्हा सुई पुसायला लागले. त्यांना काही उमजेना. खरं सांगायचं तर आम्हालाही उमजत नव्हतं.

वहिनी मात्र उठल्या. बाहेर येऊन खिडकीखाली मातीत बसल्या. वर भिवाची थाप पडत होती. त्या रडल्या, आणि मला फार बरं वाटलं.

मास्तर मागोमाग आले. बाहेर ऐकलं, आत जाऊन ऐकलं, परत बाहेर आले. मग कुठं उजेड पडला: गाणारा एका खोक्यात होता आणि ढोलकी दुसऱ्यात.

"दोन्ही खोकी आत शेजारी ठेवतो," ते म्हणाले. "मंग सगळं बराबर येईल." त्यांनी खिडकीकडे हात नेला.

वहिनींनी तो धरला. "राहू द्या हितंच. भिवा कवा घरात बसून वाजवीत व्हता?"