पाच शेरांची उल्का

आमच्या घरात अठरा वर्षं एक उल्का होती. आता नाही.

आखाडा बाळापूरपासून चार किलोमीटरवर आमचं शेत आहे. तिथे नांगरताना मला ती सापडली : तांबूसकाळी, खडबडीत आणि आकाराच्या मानाने भलतीच जड. त्याच आठवड्यात मी आभाळात तारा निखळताना पाहिला होता. एवढा पुरावा मला पुष्कळ झाला. (मी शाळेत विज्ञान शिकवतो!) तेव्हापासून दरवर्षी वर्गात ती दाखवायची आणि पोरांनी आ वासायचा, असा रिवाजच पडला.

यंदा शाळेत पुण्याहून एक शास्त्रज्ञ उल्का आणि लघुग्रहांवरून आणलेली माती यांवर बोलायला येणार होते. मी मुख्याध्यापकांना छातीठोकपणे सांगितलं, उल्का घरचीच आहे. त्यांनी फळ्यावर पाहुण्यांच्या खाली माझंही नाव लिहिलं.

व्याख्यानाच्या सकाळी पाहतो तर उल्केचा कोनाडा रिकामा! तेवढ्यात माझा थोरला भाऊ शेतातून आला. त्याने उपरण्यातून काढून माझ्या हातात काहीतरी पिवळंधमक, गुळगुळीत ठेवलं. दादाने उल्का हळकुंडं घासून पॉलिश करायच्या ड्रममध्ये घालून चांगली तासभर फिरवली होती.

"दादा, काहून केलंस हे?"

"पाव्हणे पुण्याहून येऊन राहिले अन् तू असलं मळकं दावणार? बिगरपॉलिशच्या हळदीला तरी कोण इच्यारतं?"

मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. सभागृहात पाहुणे सांगत होते, लघुग्रहाच्या मातीला माणसाचा हातसुद्धा लागू देत नाहीत, बंद पेटीत ठेवतात. मी दादाकडे पाहिलं. तो समाधानाने मान डोलावत होता.

माझी पाळी आली. पाहुण्यांनी उल्केला लोहचुंबक लावलं आणि ते घट्ट चिकटलं! उल्केत बहुधा लोखंड असतं, असं ते म्हणताच टाळ्या पडल्या. मी दादाला मनातल्या मनात माफ करून टाकलं आणि हात जोडून उभा राहिलो.

मग पाहुण्यांनी रुमालाने हळद पुसली. ड्रममध्ये वरचा गंज झडला होता; खाली कोरलेली अक्षरं निघाली, उर्दूतली. उल्केवर लिहिलेलं आपण प्रथमच पाहतोय, असं ते अगदी सौम्यपणे म्हणाले.

पहिल्या रांगेत बाळापूरच्या बाजारातले किराणा व्यापारी हमीदचाचा बसले होते. त्यांना वर बोलावलं. चष्मा लावून त्यांनी दोनदा वाचलं.

"सर, हे पाच शेराचं वजन हाय. खाली आमच्या आजोबांचं नाव बी हाय. तुमच्या खळ्यावर माल तोलाया नेलं, ते तिकडंच हरवलं होतं."

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. सगळ्यात मोठ्याने दादा हसत होता. "बघ," तो म्हणाला, "पॉलिश केलं म्हणून कळलं."

दुसऱ्या दिवशी मी ते वजन खांद्यावर घेऊन चाचांच्या दुकानात पोचवलं. लघुग्रहावरून नमुना परत आणायला शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं लागतात म्हणे. मला अठरा लागली, अंतर चार किलोमीटर.